सिंकखाली चाललंय काय?

डिशवॉशर घ्यायचा ठरला की घरात काय काय चर्चा होते, आठवून बघा. बारा सेटिंगचा की चौदा? कढई मावेल का? कुकरचा काळेपणा निघेल का? ईएमआय किती? सिल्व्हर की ब्लॅक? सासूबाईंना कोण पटवणार? आणि भांडीवाल्या मावशींना कोण सांगणार?

एकच प्रश्न कुणी विचारत नाही. भांडी धुऊन झाली की ते पाणी जाणार कुठे?

"कुठे म्हणजे? सिंकच्या पाइपात!" एवढ्या उत्तरावर विषय संपतो. शोरूममधला सेल्समन त्याबद्दल बोलत नाही, कारण शोरूममधल्या मशीनला पाइपच जोडलेला नसतो. कंपनीचा टेक्निशियन बोलत नाही, कारण त्याला मशीन सुरू करून दाखवायची घाई असते. आपण बोलत नाही, कारण सिंकखालचं कपाट ही घरातली अशी जागा आहे जिथे आपण फक्त डस्टबिन ठेवायला वाकतो. आणि मग एक दिवस तिथून वास यायला लागतो.

मी यवतमाळची. गेल्या काही वर्षांत माझ्या ओळखीतल्या चार-पाच घरांत तरी डिशवॉशर आला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मावशींचं येणं बंद झालं आणि देशभरात या मशीनला एकदम मागणी आली, तेव्हा पहिली लाट आली. वर्क फ्रॉम होम करत गावी परतलेल्या मंडळींनी पुण्याची ही सवयही सोबत आणली. २२ सप्टेंबर २०२५ पासून डिशवॉशरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, आणि 'घेऊ की नको' करणाऱ्यांना आणखी एक कारण मिळालं. मशीन आली, किचनमध्ये बसली, फोटो फॅमिली ग्रुपवर गेले. सिंकखालचा फोटो मात्र कुणीच टाकला नाही. म्हणून म्हटलं, आपणच वाकून बघू या!

पाण्याचं मोल यवतमाळकरांना विचारा

पुण्या-मुंबईत सिंकखाली पाणी गळलं तर कपाट खराब होतं. आमच्याकडे कपाटासोबत मनही खराब होतं. यवतमाळ शहराला निळोणा आणि चापडोह या दोन धरणांतून पाणी मिळत आलं. २०१८ च्या उन्हाळ्यात या दोन्हींनी तळ गाठला आणि अख्ख्या शहराने टँकरवर दिवस काढले. ड्रम, बादल्या, पातेली, जे सापडेल ते भरून ठेवलेलं आम्ही बघितलंय. ज्याने तो उन्हाळा काढला, त्याला आजही नळ टपकताना ऐकू आला तर झोप लागत नाही.

डिशवॉशर पाणी वाचवतो, हे कंपन्यांचं म्हणणं खोटं नाही. बारा-तेरा सेटिंगची आजची मशीन एका फेरीत साधारण १० ते १५ लिटर पाण्यात काम उरकते. धो धो नळाखाली भांडी घासली तर याच्या कितीतरी पट पाणी जातं. अर्थात, दोन टोपल्यांत भांडी विसळायची सवय असलेल्या आमच्या घरांत ती नळाची चैन फारशी नव्हतीच! पण मुद्दा वेगळा आहे. वाचवलेलं पाणी सिंकखाली टपकून जाणार असेल, तर बचत कसली?

साधा हिशेब करू. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी दिवसाला चार लिटरच्या वर आणि महिन्याला १३० लिटरच्या आसपास. एका थेंबाची ही किंमत!

तिसऱ्या मजल्यावरची केस

माझी एक मैत्रीण आणि तिचा नवरा, दोघंही नोकरीवाले. आर्णी रोडच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट. मशीन आली, टेक्निशियनने पाणी आत येणारा पाइप, म्हणजे इनलेट, जोडून दिला. पाणी बाहेर टाकणाऱ्या आउटलेट पाइपबद्दल म्हणाला, "सिंकला जोडायचा असेल तर तुमचा प्लंबर बोलवा." प्लंबर आला. सिंकखाली तो नेहमीचा घडीघडीचा पांढरा फ्लेक्झिबल वेस्ट पाइप होता. त्याने त्याला चाकूने भोक पाडलं, आउटलेट पाइप आत खुपसला, भोवती एम-सील लिंपलं आणि दहा मिनिटांत काम फत्ते!

महिनाभर सगळं छान. मग दुसऱ्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्यांच्या किचनच्या छताला ओल आली होती, रंगाचे पोपडे सुटत होते. आधी संशय गेला बाथरूमवर. मग गच्चीच्या पाइपलाइनवर. मग बिल्डरवर, जो अशा वेळी हमखास सापडतो. घरमालक डिपॉझिटची भाषा करायला लागले. वर-खाली बोलणं बंद व्हायची वेळ आली.

गळती शोधली कुणी? मावशींनी! डिशवॉशर आल्यावरही कढया, तवे आणि ओटा त्यांच्याकडेच होता. एका सकाळी डस्टबिन बाहेर काढताना त्यांनी सहज म्हटलं, "ताई, या खालचा पेपर रोज ओला लागते मले. तुमच्या मशीनले गळती लागली काय?"

एम-सील वाळून दगड झालं होतं. पाइप मात्र रबरासारखा हलणारा. डस्टबिन आत-बाहेर करताना रोज त्याला धक्का बसायचा. दगड आणि रबर यांचं जमणार किती दिवस? बारीक चीर पडली. त्यात मशीनचं गरम पाणी. रात्री साडेदहाला मशीन लावून दोघं झोपायचे, पंप पाणी फेकायचा, थोडं पाइपात जायचं, थोडं कपाटात. सकाळी उठेपर्यंत वरवर सगळं कोरडं. प्लायवूडने पाणी पिऊन घेतलेलं असायचं आणि उरलेलं खाली काकूंकडे!

यातली मेख लक्षात घ्या. इनलेटची गळती चोवीस तास चालते, कारण त्या पाइपात सतत दाबाखाली पाणी असतं. ती आज ना उद्या दिसतेच. आउटलेटची गळती फक्त पंप चालतो तेवढीच मिनिटं होते. आपण सिंकखाली बघतो तेव्हा ती सुट्टीवर असते.

'लीकप्रूफ' म्हणजे नेमकं काय?

"पण आमच्या मशीनमध्ये तर लीक प्रोटेक्शन आहे!" मैत्रिणीचं पहिलं वाक्य हेच होतं. आहेच. बऱ्याच मशीन्सच्या तळाशी एक ट्रे आणि त्यात फ्लोट असतो. मशीनच्या पोटात गळती झाली की ट्रेमध्ये पाणी साठतं, फ्लोट वर येतो आणि मशीन पाणी घेणं थांबवते. बॉशच्या मशीनवर तेव्हा ई-१५ असा कोड झळकतो. काही मॉडेल्सच्या इनलेट पाइपला दुहेरी आवरण आणि नळाच्या तोंडाशी झडप असते. आतला पाइप फुटला तर झडप तिथेच पाणी तोडते.

आता नीट बघा. हे सगळं संरक्षण मशीनच्या आत आणि पाणी येण्याच्या बाजूला आहे. पाणी मशीनबाहेर पडून सिंकच्या पाइपात शिरतं, त्या जोडावर कुणाचाही पहारा नाही. तिथून गळलेलं पाणी मशीनच्या ट्रेमध्ये जात नाही, म्हणून मशीनला ते कळतही नाही. तो जोड सर्वस्वी तुमचा आणि तुमच्या प्लंबरचा!

पाण्याला वाट द्या लागते

हे सगळं समजून घ्यायला मी शहरातल्या एका जुन्या प्लंबरदादांना गाठलं. सुतळी-सफेद्याच्या जमान्यापासून काम करणारा माणूस. मी वही काढली तसे हसले. म्हणाले, "ताई, पानी काही आपल्या बापाचं आयकत नाही. त्याले वाट द्या लागते. नाही देली तं ते आपली वाट पाहून घेते." मास कॉमच्या दोन वर्षांत एवढं नेमकं वाक्य मला कुणी शिकवलं नव्हतं!

वाट कशी द्यायची, ते आता टप्प्याटप्प्याने.

पहिली गोष्ट, उंच वळसा. मशीनमधून निघालेला आउटलेट पाइप सरळ जमिनीवरून नेऊन सिंकला जोडायचा नाही. आधी तो ओट्याच्या खालच्या बाजूला टेकेल इतका उंच न्यायचा, तिथे क्लिपने पक्का करायचा आणि मग खाली आणून जोडायचा. हा डोंगर कशासाठी? सिंक तुंबला, तर त्यातलं खरकटं पाणी उताराने पाइपात शिरतं आणि थेट मशीनमध्ये पोचतं. मध्ये डोंगर असला की ते चढू शकत नाही. मशीन उघडल्यावर तळाशी आजच्या भांड्यांत नसलेली भाताची शितं दिसली, तर समजा, डोंगर नाही! अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या राज्याच्या प्लंबिंग नियमांत तर याच्याही पुढे जाऊन सिंकच्या काठावर एअर गॅप नावाची वेगळी जोडणी मागतात, म्हणजे घाण पाणी आणि मशीन यांच्यामध्ये चक्क हवेची फट.

दुसरी गोष्ट, सायफन. शाळेत बाटलीतून बाटलीत नळीने पाणी काढायचा प्रयोग केला होता ना? तेच इथे होतं. पाइपाचं तोंड मशीनमधल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली सोडलं आणि मध्ये पुरेसा चढ नसला, तर एकदा सुरू झालेलं पाणी पंप बंद झाल्यावरही आपोआप ओढलं जातं. मशीन पाणी भरते, ते निघून जातं, ती पुन्हा भरते. नव्या मशीन्स शेवटी एरर दाखवून थांबतात. पण तोवर टाकीतलं पाणी विनाकारण गटारात गेलेलं असतं. म्हणूनच बऱ्याच मॅन्युअल्समध्ये पाइपाचं तोंड जमिनीपासून साधारण ४० सेंटिमीटर ते १ मीटर या उंचीत ठेवा, असं सांगितलेलं असतं. फार खाली ठेवलं तर सायफन, फार वर ठेवलं तर पंपाची दमछाक.

तिसरी गोष्ट, जोडायचं कुठे? सिंकखाली जो बाटलीसारखा किंवा वळणाचा भाग असतो, तो ट्रॅप. त्यात कायम थोडं पाणी साठून राहतं आणि तेच पाणी गटाराची घाण हवा घरात येऊ देत नाही. डिशवॉशरचं पाणी या ट्रॅपच्या आधी, म्हणजे सिंकच्या बाजूला पडायला हवं. ट्रॅपच्या पलीकडे जोडलं तर गटाराच्या हवेला मशीनपर्यंत मोकळा रस्ता मिळतो. मग सुगंधी टॅब्लेट कितीही टाका!

यासाठी बाजारात बाजूला एक तोटी असलेला बॉटल ट्रॅप मिळतो. दुकानात 'डिशवॉशर किंवा वॉशिंग मशीनच्या जोडाचा ट्रॅप' म्हणून मागा. आउटलेट पाइप त्या तोटीवर चढवायचा आणि वरून स्टीलची जुबली क्लिप आवळायची. भोक नाही, चाकू नाही, एम-सील नाही.

इथे एक गंमत आहे. अनेक ट्रॅपची ही तोटी नवी असताना आतून बंद असते. कुठे टोपण, कुठे प्लास्टिकचा पातळ पडदा. तो न काढताच पाइप चढवला तर पंप भिंतीवर डोकं आपटत राहतो. एक तर मशीन पाणी निघत नसल्याचा कोड दाखवते, बॉशमध्ये तो ई-२४, नाही तर क्लिप सैल असली तर पाइपच उडतो. अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळींना हा किस्सा ओळखीचा वाटेल. तिथे सिंकखाली उष्टं दळून टाकणारं डिस्पोजर असतं आणि त्यालाही डिशवॉशरच्या तोटीत असाच एक प्लग असतो. तो काढायचा राहिला म्हणून कोरी मशीन बिघडल्याची तक्रार करणारे तिकडेही पुष्कळ!

मोरीवाल्या किचनचं काय?

जुन्या घरांत सिंक असतो, पण त्याचा पाइप खाली मोरीत किंवा नहाणी ट्रॅपवर मोकळा सोडलेला असतो. अशा घरांत डिशवॉशरचा पाइपही जाळी उचलून आत कोंबला जातो. सगळ्यात सोपं आणि सगळ्यात चुकीचं! तोंड जमिनीच्या पातळीवर, म्हणजे सायफन ठरलेला. शिवाय पंपाचा जोर एकदम आला की नहाणी ट्रॅपला तो झेपत नाही, पाणी उलटून किचनभर होतं.

यावर प्लंबरदादांचा उपाय स्वस्तातला आहे. नहाणी ट्रॅपला जोडून भिंतीलगत दीड इंची पाइप उभा करायचा, गुडघ्याच्या वर येईल इतका. मशीनसोबत येणारा आकडा वापरून आउटलेट पाइप त्याच्या तोंडात अडकवायचा, पण घट्ट बूच मारल्यासारखा नाही. बाजूने हवा खेळली पाहिजे. हवा आत शिरते, म्हणून सायफन बनत नाही. वॉशिंग एरियात मशीन ठेवणाऱ्यांनाही हेच लागू. फक्त वॉशिंग मशीन आणि डिशवॉशर एकाच उभ्या पाइपात सोडले असतील, तर दोन्ही एका वेळी लावू नका. दोन पंपांचं पाणी एका दीड इंचात मावत नाही.

पाणी येतं ती बाजू

आपल्याकडचे अँगल कॉक बहुतेक अर्ध्या इंचाचे, तर डिशवॉशरच्या इनलेटचं नट पाऊण इंचाचं. मध्ये अ‍ॅडॉप्टर लागतो, किंवा सरळ पाऊण इंची तोंडाचा वॉशिंग मशीनवाला कॉक बसवायचा. मशीनसाठी स्वतंत्र कॉक हवाच, म्हणजे गडबड झाली तर सिंकचं आणि आरओचं पाणी सुरू ठेवून फक्त मशीनचं बंद करता येतं.

आणि टेफ्लॉन टेप! आपल्याकडे टेप म्हणजे सर्व रोगांवर एकच काढा. पण जिथे नटच्या आत रबरी वायसर असतं, तिथे पाणी अडवायचं काम वायसर करतं. तिथे टेप गुंडाळला तर नट तिरपा बसतो आणि गळती वाढते. टेप लागतो तो भिंतीतल्या चुडीच्या जोडाला. वायसर जुनं, कडक झालेलं असेल तर बदला. आमच्याकडच्या उन्हाळ्यात रबरही लवकर म्हातारं होतं.

दाबाचंही बघा. बऱ्याच मशीन्सना किमान ०.५ बारच्या आसपास दाब लागतो, तुमच्या मॅन्युअलमध्ये आकडा असतो. दहा मीटर उंचीवरून उतरणारं पाणी म्हणजे साधारण १ बार. याचा अर्थ, बैठ्या घराच्या स्लॅबवर टाकी असेल तर नळाशी जेमतेम ०.३ बार मिळतो. अपार्टमेंटमध्ये सगळ्यात वरच्या मजल्याची हीच गत. मग मशीन 'पाणी नाही' म्हणून रुसते. उपाय म्हणजे टाकी उंच करणे किंवा छोटा प्रेशर पंप. पण पंप लावला की प्रत्येक जोडावरचा ताण वाढतो. त्याआधी सगळे जोड तपासून घ्या.

बोअरचं पाणी वापरत असाल तर आणखी एक. डिशवॉशरमध्ये जे खास मीठ भरायचं असतं, ते जडपणा काढणाऱ्या यंत्रणेसाठी. पाण्याच्या भारतीय मानकात कडकपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. बोअरचं पाणी याच्या कुठे बसतं, हे तपासून मशीनमध्ये तसं सेटिंग करा. नाहीतर पांढरा थर काचेच्या ग्लासवर तर दिसतोच, अँगल कॉकच्या आतही बसतो. मग ऐन वेळी कॉक फिरतच नाही!

कपाट, बोर्ड आणि तर्री

सागवानासाठी प्रसिद्ध असलेल्या आमच्या जिल्ह्यात हल्ली किचनची कपाटं मात्र पार्टिकल बोर्डची असतात. पाणी लागलं की तो बोर्ड फुगतो आणि परत पूर्ववत होत नाही. नवं किचन करत असाल तर निदान सिंकखालच्या खणाला आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय वापरा. भाड्याचं घर असेल तर कपाटाच्या तळाला कडा उभ्या असलेला प्लास्टिकचा ट्रे टाका. गळलं तरी आधी ट्रेमध्ये दिसेल, काकूंच्या छतावर नाही.

विजेचा बोर्ड सिंकच्या खाली नको म्हणजे नकोच. मशीनला १६ अँपियरचा, अर्थिंग असलेला स्वतंत्र पॉइंट लागतो. तो शेजारच्या खणात, जोडांपासून दूर आणि वरच्या उंचीवर घ्या. एक्स्टेंशन बोर्ड कपाटात लोळत ठेवणं म्हणजे पाणी आणि वीज यांचं लग्न लावून देणं. घरात गळती करंट तोडणारा आरसीसीबी नसेल तर इलेक्ट्रिशियनला तेही विचारा.

पाइपाच्या बाबतीत एवढंच की, साध्या पीव्हीसीची सोसण्याची हद्द साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मानली जाते आणि डिशवॉशरच्या कडक प्रोग्रॅमचं पाणी तिथवर किंवा त्यापुढेही जातं. घडीघडीच्या पातळ पाइपाने हे किती दिवस सोसायचं? पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचा ट्रॅप गरम पाणी जास्त चांगलं झेलतो. शिवाय त्या घड्यांमध्ये आपली तर्री अडकते. सकाळच्या तर्री-पोह्यांचं तेल, चहाचा गाळ, बेसन. आतून गुळगुळीत पाइप घेतलात तर हे सगळं पुढे सरकतं. ताटं मशीनमध्ये लावण्याआधी खरकटं डस्टबिनमध्ये झटका. धुवायची गरज नाही, फक्त झटका. मशीनची जाळी आठवड्यातून एकदा आणि ट्रॅपची वाटी दोन-तीन महिन्यांतून एकदा, खाली बादली ठेवून, काढून धुवा.

मशीन चालताना सिंकमध्ये पाणी उसळून वर आलं तर मशीनला शिव्या देऊ नका. दोष बहुधा सिंकच्या पुढच्या पाइपात असतो. तिथे तुंबलंय, म्हणून पंपाने फेकलेलं पाणी मिळेल त्या वाटेने वर येतं.

दहा मिनिटांचा चेकअप

नवी मशीन बसली की, किंवा जुनी असेल तर या रविवारी, एवढं करा.

१. सिंकखालचं सगळं सामान बाहेर काढा. तळाला कोरडा वर्तमानपत्राचा कागद अंथरा.

२. सिंक काठोकाठ भरा आणि बूच एकदम काढा. नळाच्या बारीक धारेने न कळणारी ट्रॅपची गळती या लोंढ्यात कळते.

३. छोटा रिन्स प्रोग्रॅम लावा. पंप पाणी फेकायला लागला की टॉर्च घेऊन तोटीवरचा जोड बघा. टिश्यू पेपर जोडाभोवती फिरवा. बोटाला न कळणारी ओल टिश्यूला कळते.

४. आउटलेट पाइपाचा उंच वळसा जागेवर आहे का, मागे मशीनखाली पाइप दुमडला तर नाही ना, हे बघा.

५. पाइप लांब करायला मध्ये जोड दिला असेल तर तो उघड्यावर, दिसेल असा हवा. मॅन्युअलमध्ये दिलेल्या लांबीपेक्षा पाइप वाढवू नका.

६. मशीनचा अँगल कॉक पूर्ण बंद-चालू करून बघा. महिन्यातून एकदा फिरवत राहा, म्हणजे जाम होणार नाही.

७. पहिला महिनाभर मशीन लावून झोपू नका. तुम्ही जागे असताना लावा. आणि दिवाळीत गावी निघताना गॅससोबत मशीनचा कॉकही बंद करा.

बाईची मशीन, हॉटेलची गिऱ्हाइकी

थोडा इतिहास सांगते, कारण तो कामाचा आहे. भांडी धुण्याच्या, खऱ्या अर्थाने चालणाऱ्या मशीनचं पेटंट घेतलं जोसेफिन कॉक्रेन या अमेरिकन बाईंनी, २८ डिसेंबर १८८६ रोजी. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची मशीन झळकली. त्याच वर्षी त्याच शिकागोत स्वामी विवेकानंदांचं भाषण गाजलं होतं! पण मशीन विकत घेतली ती मुख्यतः हॉटेलांनी. घराघरांत ती जायला पुढे कित्येक दशकं लागली, कारण तेवढं गरम पाणी आणि तशी प्लंबिंगची सोय घरांत नव्हती. म्हणजे मशीन तयार होती, घरं तयार नव्हती.

आपलं आज तेच आहे. मशीन २०२० च्या दशकातली आणि सिंकखालचा पाइप मोरीच्या जमान्यातला. दोघांचं लग्न लावायचं तर मध्यस्थ चांगला हवा. म्हणून डिलिव्हरीची तारीख ठरली की त्याच दिवशी टेक्निशियन आणि प्लंबर दोघांनाही बोलवा, एकमेकांसमोर काम करू द्या आणि पहिली फेरी दोघांच्या देखत चालवा. "ते माझं काम नाही" हे वाक्य मग कुणालाच म्हणता येत नाही. तोटीचा ट्रॅप, दोन क्लिपा, एक अ‍ॅडॉप्टर आणि प्लंबरची मजुरी, हा सगळा खर्च मशीनच्या किमतीपुढे किरकोळ आहे. मैत्रिणीने शेवटी तेच केलं. शिवाय खालच्या काकूंचं छत रंगवून दिलं, आणि ते पैसे ट्रॅपच्या कितीतरी पट होते.

आणि मावशी? मशीन आल्यावर त्यांचे पैसे कमी करायचा विचार त्या घरातही झाला होता. तो आता कुणी काढत नाही. कढया, तवे, ओटा आणि सिंकखालचा कागद ओला आहे की कोरडा हे बघणं, असं त्यांचं काम ठरलंय. कोणत्याही मशीनवर अजून तरी त्याचं बटण आलेलं नाही.